८९ विजय, शून्य पराभव, एक बरोबरी: हुलिओ सेसार चावेझचा आकडा कसा वाचायचा

मेक्सिकोचा सर्वांत मोठा बॉक्सर कोण, असं या खेळाच्या कुठल्याही जाणकाराला विचारा. बहुतेक वेळा उत्तर येईल हुलिओ सेसार चावेझ, आणि पाठोपाठ एक आकडा येईल: ८९-०-१. म्हणजे ८९ लढती जिंकल्या, एकही हरला नाही, एक बरोबरीत सुटली. पहिला पराभव थेट ९१व्या लढतीत, जानेवारी १९९४मध्ये. तोवर त्याला व्यावसायिक रिंगमध्ये उतरून चौदा वर्षं होत आली होती.

आकडा पुस्तकात आहे तसाच आहे, त्यात खोट नाही. पण नुसत्या आकड्यावरून चावेझ कळत नाही. भाबड्या चाहत्याला वाटतं, हा माणूस चौदा वर्षं कुणाच्या हाती लागलाच नाही. संशयी माणूस म्हणतो, सगळा सेटिंगचा मामला. त्या नव्वद लढतींमधली एक मॅनेजरने टेबलावर वाचवलेली आहे, एक बहुतेकांच्या मते तो हरला होता, आणि एकीवरून पस्तीस वर्षांनंतरही लोक हमरीतुमरीवर येतात. हे सगळं धरूनही माझ्या लेखी चावेझ पहिल्या रांगेतलाच. कसा, ते समजून घ्यायला आधी व्यावसायिक बॉक्सिंग चालतं कसं ते थोडं बघावं लागेल.

आपल्याकडे बॉक्सिंग म्हटलं की विजेंदर सिंग, मेरी कोम, लवलीना डोळ्यांपुढे येतात. ते ऑलिंपिकचं बॉक्सिंग. फेऱ्या तीन-चार, ड्रॉ निघतो, समोर कोण येईल ते आपल्या हातात नसतं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ना लीग, ना ड्रॉ. कुणाशी, कुठे, किती वजनाला लढायचं हे मॅनेजर आणि प्रमोटर ठरवतात. जगज्जेतेपदही एक नसतं. प्रत्येक वजनगटात डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ अशा संघटनांचे वेगवेगळे पट्टे. त्यामुळे होतकरू पोराला सुरुवातीला हलके, थकलेले, कधीकधी निव्वळ मानधनासाठी आलेले प्रतिस्पर्धी दिले जातात. पोराला अनुभव मिळतो, विजयाचा रकाना भरत जातो, पुढच्या लढतीला भाव येतो. हे सगळीकडे चालतं आणि कुणी लपवतही नाही. मेक्सिकोत तर पोरं पंधरा-सोळाव्या वर्षीच पैशासाठी लढायला लागतात, त्यामुळे तिथल्या बॉक्सरांचे आकडे अमेरिकनांपेक्षा नेहमीच फुगलेले दिसतात.

चावेझचा जन्म १२ जुलै १९६२चा, सोनोरा राज्यातल्या सिउदाद ओब्रेगोनमधला. वाढला मात्र शेजारच्या सिनालोआ राज्यात, कुलियाकानला. वडील रेल्वेत कामाला, भावंडं दहा, आणि घर म्हणजे रेल्वेचा एक टाकून दिलेला डबा. आई लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करायची. तिला घर घेऊन देईन असं लहानपणीच ठरवलं होतं, असं तो सांगतो. फेब्रुवारी १९८०मध्ये, सतराव्या वर्षी तो व्यावसायिक झाला आणि पुढची साडेचार वर्षं कुलियाकान, तिहुआना अशा गावांत लढत राहिला. पहिल्या जगज्जेतेपदाच्या लढतीपर्यंत त्याने चाळीसहून जास्त लढती उरकल्या होत्या, म्हणजे सरासरी पाच-सहा आठवड्यांनी एक. आजचा नावाजलेला बॉक्सर वर्षाकाठी दोन लढती खेळला तरी पुष्कळ.

त्यातली बारावी लढत मार्च १९८१ची, कुलियाकानमध्येच, मिगेल रुईझशी. पहिल्या फेरीच्या शेवटी घंटा झाली आणि चावेझचा ठोसा त्यानंतर लागला. रुईझ खाली गेला. घंटेनंतर मारलं म्हणून पंचांनी चावेझला बाद ठरवलं. पराभव, तोही घरच्या गावात. पण दुसऱ्या दिवशी स्थानिक बॉक्सिंग आयोगाने निकाल फिरवला आणि ही लढत चावेझने नॉकआउटने जिंकल्याची नोंद झाली. चावेझचा मॅनेजर रामोन फेलिक्स याच आयोगाचा सदस्य होता. पंचांचा निर्णय कडक होता की योग्य, यावर वाद घालता येईल. पण ज्याचा पोरगा रिंगमध्ये आहे त्यानेच निकाल दुरुस्त करायला बसणं याला दुसरं काही म्हणता येत नाही. म्हणजे ८९-०-१मधला शून्य पुढे तेरा वर्षं टिकला तो आधी या टेबलावर.

एवढं वाचून ‘बघा, सगळं बनावट’ म्हणणाऱ्यांनी १९८४च्या पुढच्या लढती बघाव्यात.

सप्टेंबर १९८४मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक ऑडिटोरियममध्ये त्याने मारिओ मार्टिनेझला आठव्या फेरीत थांबवून डब्ल्यूबीसीचा सुपर फेदरवेट पट्टा जिंकला. हा गट साधारण ५९ किलोचा. मग १९८५मध्ये रॉजर मेवेदरला दुसऱ्याच फेरीत झोपवला. पुढे पन्नास लढतींत एकही न हरता निवृत्त झालेला फ्लॉइड मेवेदर या रॉजरचाच पुतण्या. १९८६मध्ये हुआन लापोर्ते आणि रॉकी लॉकरिज. १९८७मध्ये वजन वाढवून लाइटवेटमध्ये एडविन रोसारिओ, १९८८मध्ये होसे लुईस रामिरेझ, १९८९मध्ये आणखी वरच्या गटात पुन्हा रॉजर मेवेदर, या खेपेला दहा फेऱ्यांनंतर खुर्चीतून उठलाच नाही. तीन वजनगटांत जगज्जेतेपद. ही नावं आपल्याला फारशी ओळखीची नसतील, पण यातला एकही तिहुआनाहून पकडून आणलेला भिडू नव्हता.

चावेझ लढायचा कसा, हा या गोष्टीचा गाभा. त्याचं हत्यार होतं डाव्या हाताचा हुक, थेट यकृतावर. मेक्सिकन लोक त्याला ‘गांचो अल इगादो’ म्हणतात. आपलं यकृत उजव्या बाजूला, खालच्या फासळ्यांच्या आडोशाला असतं. समोरासमोर उभं राहिलं की प्रतिस्पर्ध्याची उजवी बाजू बरोबर आपल्या डाव्या हातासमोर येते. चावेझ डोकं डावीकडे झुकवायचा, त्यात समोरचा ठोसा खांद्यावरून निघून जायचा आणि अंगाचा भार डाव्या पायावर यायचा. मग कंबर वळायची आणि मूठ खालून वर, समोरच्याच्या कोपराखालून आत शिरायची. कोपर दोन इंच वर उचललं गेलं तरी तेवढी फट त्याला पुरे.

हनुवटीवरच्या ठोशाने माणूस शुद्ध हरपतो. यकृतावरच्या ठोशाचं तसं नाही. ठोसा बसल्यावर क्षणभर काहीच होत नाही, माणूस एखादं पाऊल टाकतोही. मग कळ येते, श्वास अडकतो, रक्तदाब झपकन खाली येतो आणि गुडघे आपोआप दुमडतात. डोकं स्वच्छ चालू असतं. पंच सहा, सात, आठ मोजताहेत हे ऐकू येतं, उठायचंय हेही कळतं, फक्त शरीर ऐकत नाही. ठोसा इतका नेमका बसला नाही तरी त्याचा हिशेब साचत जातो. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत समोरचा बरगड्या झाकायला हात खाली आणतो, तिथे डोकं उघडं पडतं. आठव्या-नवव्या फेरीपर्यंत पाय जड होतात आणि पळून लढणाऱ्याला पळता येत नाही.

अर्थात यासाठी फार जवळ जावं लागतं आणि जवळ जाणारा मार खातो. चावेझची हनुवटी दगडी होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पावलं. तो प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावायचा नाही. तो जिकडे निघालाय तिकडचा रस्ता तिरप्या छोट्या पावलांनी आधीच बंद करायचा, हळूहळू त्याला दोरांकडे सरकवायचा. वरवर बघणाऱ्याला वाटायचं, हा नुसता चालतोय. मला स्वतःला त्याची सर्वांत पूर्ण लढत रोसारिओविरुद्धची वाटते, २१ नोव्हेंबर १९८७, लास व्हेगास हिल्टन. रोसारिओ पोर्तोरिकोचा, एका ठोशात लढत संपवू शकणारा. त्याच्या छातीला छाती लावून चावेझ फेरीमागून फेरी त्याला कुटत राहिला. अकराव्या फेरीत लढत थांबवली तेव्हा रोसारिओचा एक डोळा पार मिटला होता. चावेझ कसा होता हे एकाच लढतीत दाखवायचं असेल, तर मी सगळे दाखवतात ती १९९०ची मेल्ड्रिक टेलरविरुद्धची न दाखवता ही दाखवेन.

पण टेलरच्या लढतीशिवाय पुढे जाता येत नाही. ती समजायला गुणांची पद्धत माहीत हवी. रिंगच्या तीन बाजूंना तीन जज बसतात. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला बहुधा ९, तो त्या फेरीत खाली पडला असेल तर ८. नॉकआउट झाला नाही तर शेवटी ही बेरीज बघायची. मातीतली कुस्ती चितपटीवर सुटते आणि मॅटवरची गुणांवर. बॉक्सिंगमध्ये हे दोन्ही निकाल एकाच लढतीत शेवटच्या घंटेपर्यंत जिवंत असतात. आणि चावेझच्या पद्धतीची अडचण इथेच होती. झरझर आलेले चार चेहऱ्यावरचे ठोसे जजला दिसतात, गर्दीला दिसतात. कोपराखालून बरगडीत शिरलेला एक ठोसा धड दिसतही नाही. त्यामुळे तो गुणांत मागे आणि लढतीत पुढे असू शकायचा. त्यात वेळही कमी झालेला. आधी जगज्जेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या असायच्या. नोव्हेंबर १९८२मधल्या एका लढतीनंतर कोरियाचा किम डुक-कू मरण पावला आणि डब्ल्यूबीसीने सर्वांत आधी फेऱ्या बारावर आणल्या. चावेझसारख्या सावकाश पिळणाऱ्याच्या वाट्याच्या नऊ मिनिटांची ती कपात होती.

१७ मार्च १९९०, लास व्हेगास. समोर मेल्ड्रिक टेलर, १९८४च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, हातांचा वेग अफाट. दोघंही अपराजित, दोघांकडे एकेक पट्टा. टेलरने पहिल्या फेरीपासून ठोशांचा पाऊस पाडला. अकरा फेऱ्यांनंतर दोन जजांच्या कागदावर तो १०७-१०२ आणि १०८-१०१ असा पुढे होता, तिसऱ्याने चावेझला १०५-१०४ दिले होते. हिशेब करून बघा: बाराव्या फेरीत टेलर खाली पडला आणि ती फेरी ८-१०ने हरला, तरी पहिल्या दोन कागदांवर ११५-११२ आणि ११६-१११ असा तोच जिंकत होता. त्याला फक्त उभं राहायचं होतं.

पण कागदावर जे नव्हतं ते टेलरच्या अंगावर दिसत होतं. चेहरा सुजलेला, तोंडातून रक्त, चेहऱ्याचं हाड मोडलेलं. त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षक लू डुवाने त्याला सांगितलं, ही फेरी तुला हवीच. हा सल्ला त्याला घातक ठरला. टेलर भिडला. फेरी संपत आलेली असताना चावेझने त्याला कोपऱ्यात गाठून उजव्या हाताने खाली पाडलं. टेलर उठला, पण दोर धरून. पंच रिचर्ड स्टील यांनी आठ मोजले, विचारलं, ठीक आहेस ना? पुन्हा विचारलं. टेलरने उत्तर दिलं नाही. त्याची नजर बाजूला, जिथे डुवा दोरांपाशी चढून ओरडत होता. स्टीलनी हात हलवून लढत थांबवली. दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. दोन सेकंद उरले होते.

भांडण तेव्हापासून चालू आहे. एक बाजू म्हणते, दोन सेकंदांत चावेझ त्याच्यापर्यंत पोहोचलाही नसता. स्टीलचं म्हणणं, मी घड्याळ बघत नाही, माणूस बघतो. मला स्टीलचं पटतं. ‘दोनच सेकंद’ म्हणणारे तोच माणूस पाचव्या फेरीत तसा उभा असता तर थांबवण्याचं कौतुक करतील, आणि जे नियम पाचव्या फेरीत लागू तेच बाराव्या फेरीतही. टेलरला त्या रात्री रुग्णालयात न्यावं लागलं. तो नंतर लढला, जिंकलाही, पण तो पूर्वीचा टेलर पुन्हा दिसला नाही आणि पुढे त्याची जीभही जड झाली. लढतीत नक्की काय चाललं होतं ते जजांच्या आकड्यांपेक्षा त्याच्या शरीराने जास्त खरं सांगितलं.

यानंतरची तीन वर्षं चावेझ म्हणजे मेक्सिकोत एखाद्या राष्ट्रीय सणासारखा होता. राष्ट्राध्यक्ष सालिनास त्याचे दोस्त, डॉन किंग प्रमोटर, कपाळाला लाल पट्टी. २० फेब्रुवारी १९९३ला मेक्सिको सिटीच्या आस्तेका स्टेडियममध्ये ग्रेग हॉगनशी लढत झाली तेव्हा १ लाख ३२ हजारांवर प्रेक्षक होते. लढतीआधी हॉगन बरळला होता की चावेझने हरवलेले भिडू म्हणजे तिहुआनाचे टॅक्सीवाले, त्यांना माझी आईही धोपटेल. चावेझने अर्ध्या मिनिटातच त्याला खाली पाडलं आणि मग पाचव्या फेरीपर्यंत निवांत धुतलं. नंतर हॉगन म्हणाला, ते टॅक्सीवाले फारच दणकट असले पाहिजेत. मिश्कील होता बेटा.

त्याच वर्षी १० सप्टेंबरला सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्ये पर्नेल व्हिटेकर. ८९-०-१मधला शेवटचा ‘१’ तो हाच. व्हिटेकर डावखुरा आणि अंगाला हात लावू न देणारा. समोरच्याचा रस्ता बंद करण्याची, बरगड्या पोखरण्याची चावेझची सगळी विद्या त्या रात्री हवेत गेली. उलट जवळच्या मारामारीतही व्हिटेकरच वरचढ. निकाल: एका जजने व्हिटेकरला ११५-११३ दिले, दोघांनी ११५-११५. बरोबरी. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने मुखपृष्ठावर व्हिटेकरचा फोटो टाकून ‘लुटलं!’ अशा अर्थाचा एका शब्दाचा मथळा दिला. लढत पाहिली तर चावेझला पाच फेऱ्या देतानाही हात आखडतो. आणि व्हिटेकरला याची सवय होती. १९८८मध्ये पॅरिसला रामिरेझविरुद्ध त्याच्यावर असाच अन्याय झाला होता, तोही याच डब्ल्यूबीसीच्या पट्ट्यासाठी. तो पट्टा घेऊनच रामिरेझ सात महिन्यांनी चावेझशी लढला. डब्ल्यूबीसीचं मुख्यालय मेक्सिको सिटीत, अध्यक्ष होसे सुलायमान मेक्सिकन, प्रमोटर डॉन किंग, स्टेडियम चावेझच्या चाहत्यांनी भरलेलं. कुणी कुणाला पैसे दिले असं म्हणायची गरजच नाही. अशा खोलीत अटीतटीच्या फेऱ्या आपोआप एका बाजूला झुकतात.

पराभवाचा शून्य पुसला गेला तो २९ जानेवारी १९९४ला, फ्रँकी रँडलसमोर, ज्याच्याकडून कुणालाच काही अपेक्षा नव्हती. अकराव्या फेरीत चावेझ कारकिर्दीत पहिल्यांदा जमिनीवर बसला. शिवाय कमरेखाली मारल्याबद्दल त्याचे दोन गुण कापले गेले. कापणारे पंच होते रिचर्ड स्टील! चावेझने सगळं खापर त्यांच्यावर फोडलं. चार वर्षांपूर्वी याच स्टीलच्या निर्णयावर त्याची काहीच तक्रार नव्हती.

पुढचं थोडक्यात. १९९६मध्ये ऑस्कर दे ला होयाने चौथ्या फेरीत त्याला थांबवलं, भुवईवरची जखम पहिल्या काही मिनिटांतच उघडली होती. ऑस्कर पूर्व लॉस एंजेलिसचा, मेक्सिकन आईबापांचा, ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेला, देखणा. तरी मेक्सिकन प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती त्याचीच. १९९८ला पुन्हा ऑस्करकडूनच हार, २००० साली कोस्त्या झूकडून, आणि २००५मध्ये फीनिक्सला हाताच्या दुखापतीमुळे पाचव्या फेरीनंतर खुर्चीत बसूनच शेवट. एकूण १०७ विजय, ६ पराभव, २ बरोबरी. जगज्जेतेपदाच्या ३७ लढती, त्यातल्या ३१ जिंकलेल्या. ८९-०-१पेक्षा मला हा ३७चा आकडा मोठा वाटतो, कारण तो कुलियाकानच्या टेबलावर तयार होत नाही.

मेक्सिकोत आधी बॉक्सर नव्हते असं नाही. ओलिवारेस, सारातेसारखे दिग्गज होऊन गेले होते, आणि साल्वादोर सांचेझ १९८२मध्ये तेविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला नसता तर कदाचित हा लेख त्याच्यावर असता. पण पुढे सरकत बरगड्या फोडणारा बॉक्सर म्हणजे मेक्सिकन बॉक्सर, ही जगभरची समजूत चावेझमुळे पक्की झाली. गंमत म्हणजे त्याच्यानंतरचा हुआन मानुएल मार्केझ थांबून, हिशेबाने प्रतिटोला देणारा. आजचा कानेलो आल्वारेझही तसाच, पण यकृतावरचा डावा हुक त्याच्याकडेही आहे. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे १६ सप्टेंबरच्या आसपासच्या शनिवारी लास व्हेगासला मोठी लढत भरवायची प्रथा रुजली, त्यात चावेझच्या गर्दीचा मोठा वाटा. त्याचा मुलगा हुलिओ ज्युनियरही २०११मध्ये मिडलवेटचा डब्ल्यूबीसी जगज्जेता झाला, पण बापाची शिस्त त्याच्याकडे आली नाही. चावेझ स्वतः टीव्हीवर समालोचन करताना त्याला झोडपतो.

आणि शिस्तीबद्दल बोलताना चावेझ स्वतःलाही सोडत नाही. यशाच्या शिखरावर असतानाच दारू आणि कोकेनचा नाद लागला होता, हे तो उघड सांगतो. निवृत्तीनंतर घरच्यांनी, त्यात ज्युनियर पुढे, त्याला व्यसनमुक्ती केंद्रात भरती केलं. तो बाहेर आला आणि त्याने स्वतःची केंद्रं काढली, तिहुआनाला आणि कुलियाकानला. २०११मध्ये अमेरिकेतल्या कॅनस्टोटाच्या बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, त्या वर्षी त्याच्यासोबत माइक टायसनही होता आणि चावेझला हरवणारा कोस्त्या झूही.